अठरा पूर्ण झाली. आता राहायचे कुठे?

बालगृहातील मुलांना जेवण, शाळा आणि डॉक्टर यांची सोय करणारी शासनयंत्रणा त्यांच्या अठराव्या वाढदिवशी हात का आखडता घेते? संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणांच्या निवासाच्या प्रश्नाचे विश्लेषण.

सर्वसाधारण मराठी घरात मुलाचा अठरावा वाढदिवस आला, की मतदार यादीत नाव, वाहन परवाना आणि बारावीनंतरचा प्रवेश यांची चर्चा सुरू होते. या दिवशी मुलाने घर सोडावे, असे कोणी म्हणत नाही. नोकरी लागेपर्यंत, बहुतेक घरांत तर लग्न होईपर्यंत आणि त्यानंतरही, मुलगा वा मुलगी आईवडिलांच्या छपराखाली राहते. बालगृहात वाढलेल्या मुलासाठी मात्र हाच दिवस निरोपाचा असतो. अठरा वर्षे पूर्ण झाली, की कायद्याच्या भाषेत तो 'बालक' राहत नाही आणि संस्थेच्या नोंदवहीतून त्याचे नाव कमी होते. काल ज्या पलंगावर तो झोपला, तो पलंग प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या मुलाला द्यायचा असतो. त्यात संस्थाचालकांचा निर्दयपणा असतो असे नाही. अनुदान, मान्य संख्या आणि तपासणी यांचे सारे गणित अठरा वर्षांच्या आतील मुलांवर बेतलेले आहे.

या मुलांचे प्रमाण नगण्य नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१६-१७ मध्ये करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीत ९,५८९ बालसंगोपन संस्थांची नोंद झाली आणि त्यांत तीन लाख सत्तर हजारांहून अधिक मुले राहत असल्याचे आढळले. त्यांतील अनेक मुले कुटुंबात परत जातात, काहींना दत्तक पालक मिळतात. उरलेल्यांना कधी ना कधी अठराव्या वर्षाची वेस ओलांडावीच लागते. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न नोकरीचा किंवा शिक्षणाचा नसतो. 'आज रात्री झोपायचे कुठे', हा असतो.

दीर्घ परंपरा, अर्धवट रस्ता

निराधार मुलांसाठी संस्था उभारण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. मद्रास आणि बंगालपाठोपाठ मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याची अंमलबजावणी करण्यासाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द ही नावे तेव्हापासून या कामाशी जोडली गेली आहेत. अनाथाश्रम, महिलाश्रम, रिमांड होम आणि बालगृह असा या संस्थांचा प्रवास झाला. नावे बदलली, कायदे बदलले, दृष्टीही बरीच बदलली. मात्र मुलाला आत कसे घ्यायचे याचा जेवढा विचार झाला, तेवढा त्याला बाहेर कसे सोडायचे याचा झाला नाही.

संस्थेबाहेर पडलेल्यांच्या पुढील आधाराला कायद्याच्या परिभाषेत 'अनुरक्षण' म्हणतात. या शब्दाचा गेल्या पाव शतकातील कायदेशीर प्रवास पाहिला, तर सध्याच्या अडचणीचे मूळ सापडते.

बाल न्याय अधिनियम, २००० मधील कलम ४४ अनुरक्षण संस्थांविषयीचे होते. अशा संस्था स्थापन करणे, त्यांना मान्यता देणे, त्यांची कार्ये ठरवणे, इतकेच नव्हे तर त्यांनी राखावयाचा दर्जा आणि द्यावयाच्या सेवा यांविषयी राज्य सरकारला नियम करता येतील, असे त्यात नमूद होते. सतरा वर्षांवरील मुलाला अशा संस्थेत वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत राहण्याची तरतूदही होती. म्हणजे अनुरक्षण म्हटले की एक जागा, एक वास्तू आणि तिचा काही किमान दर्जा, हे त्या कायद्याने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अशी गृहे मोजकी निघाली आणि त्यांची स्थितीही एकसारखी नव्हती. परंतु कायद्याच्या पानावर 'दर्जा' हा शब्द होता.

नव्या कायद्यातील बदल

जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये या विषयाला कलम ४६ आहे. ते अवघ्या एका वाक्याचे आहे. अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलाला समाजाच्या मुख्य प्रवाहात सामावून घेण्यासाठी विहित पद्धतीने आर्थिक साह्य देता येईल, असा त्याचा आशय आहे. व्याख्येच्या कलमात अनुरक्षण म्हणजे अठरा ते एकवीस वयोगटाला 'आर्थिक वा अन्य' आधार, असे म्हटले असले, तरी मुख्य कलमात उरले आहे ते केवळ आर्थिक साह्य. तेही 'देता येईल'. 'द्यावे' असे नव्हे. कायद्यातील हा फरक वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात जे देणे बंधनकारक नसते, ते अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येते आणि काटछाटीत सर्वांत आधी जाते.

निवासाचा उल्लेख येतो तो केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत. नियम २५ नुसार राज्य सरकारने या तरुणांसाठी शिक्षण, रोजगारक्षम कौशल्ये, नोकरी आणि राहण्याची जागा यांचा कार्यक्रम तयार करावयाचा आहे. सहा ते आठ जणांच्या गटासाठी वस्तीतच तात्पुरते सामूहिक निवास, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, स्वयंरोजगारासाठी कर्ज, अशा सेवांची यादी त्यात आहे. आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे देता येतो. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने, बालकल्याण अधिकाऱ्याने किंवा स्वयंसेवी संस्थेने त्याच्या पुढील वाटचालीचा आराखडा बाल कल्याण समितीला किंवा बाल न्याय मंडळाला सादर करावयाचा आहे. अनुरक्षणासाठी तयार असलेल्या संस्था व व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावयाची आहे.

कागदावर ही रचना समंजस आहे. मोठ्या वसतिगृहातील शेकडो पलंगांऐवजी सहा-आठ जणांचे छोटे घर, तेही वस्तीत, ही कल्पना तर निश्चितच योग्य. परंतु कायदा पैशाविषयी बोलतो आणि नियम घराविषयी. या दोहोंच्या मधल्या फटीत मूळ प्रश्न अडकला आहे.

चार हजारांत किती दिवस?

आधी पैशाचे पाहू. एकात्मिक बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा दोन हजार रुपये होते. २०२२ मध्ये 'मिशन वात्सल्य'ची मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा ही रक्कम दरमहा चार हजार रुपये झाली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत योजनेचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात विभागला जातो. वाढ दुपटीची आहे आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. मात्र पुणे किंवा मुंबईत कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या कोणालाही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. पलंगाचे भाडे दिल्यावर खाणावळीला पैसे कमी पडतात. खाणावळीचे दिले, तर बस-लोकलचे पास, पुस्तके आणि परीक्षा शुल्क उरतेच.

शिवाय भाडे ही नंतरची गोष्ट झाली. घर मिळवतानाच पहिला अडथळा येतो तो अनामत रकमेचा. दोन-तीन महिन्यांचे भाडे आगाऊ, त्यावर दलालाचे एक महिन्याचे भाडे, एवढी रक्कम एकदम हाती लागते. दरमहा मिळणाऱ्या मदतीतून ती उभी राहू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी लागते. अठरा वर्षांचा तरुण करारावर सही करण्यास कायद्याने पात्र असतो. पण घरमालकाला सहीपेक्षा तिच्यामागे उभा असलेला माणूस हवा असतो. 'गाव कोणते', 'वडील काय करतात', 'जामीन कोण राहणार', या तीन साध्या प्रश्नांवर व्यवहार मोडतो. आधार कार्डावर बहुधा संस्थेचाच पत्ता असतो आणि तो वाचल्यावर सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांच्या भुवया उंचावतात. अविवाहितांना जागा न देण्याचा अलिखित नियम तर सर्वांनाच लागू आहे. कुटुंब असलेला विद्यार्थी काका-मामाकडे महिनाभर राहून दुसरी जागा शोधतो. या तरुणाकडे तो महिना नसतो.

सरकारला हे कळत नाही, असे मानण्याचे कारण नाही. करोनाच्या साथीत आईवडील गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' ही योजना जाहीर झाली, तेव्हा अठरा ते तेवीस या वयात मासिक साह्य आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, अशी तिची रचना करण्यात आली. महाराष्ट्र सरकारनेही दोन्ही पालक गमावलेल्या अशा मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय त्याच वर्षी घेतला. अठराव्या वर्षी मूल स्वतःच्या पायावर उभे राहिलेले नसते, हे या निर्णयांमागचे सूत्र. ते सूत्र साथीत अनाथ झालेल्या मुलाला लागू होते, तर रेल्वे फलाटावर सापडलेल्या किंवा अपघातात पालक गमावलेल्या मुलाला का नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे

रक्कम वाढवली, की प्रश्न सुटेल असेही नाही. किंबहुना अनुरक्षण म्हणजे बँक खात्यात जमा होणारे पैसे, ही समजूतच बदलायला हवी. संस्थेत वाढलेल्या मुलाने घंटा वाजल्यावर जेवण आणि ठरल्या वेळी दिवे बंद, अशा शिस्तीत दहा-पंधरा वर्षे काढलेली असतात. वीजबिल भरणे, गॅस सिलिंडरची नोंदणी करणे, महिन्याच्या पगाराचे महिनाभर पुरेल असे भाग करणे, शेजाऱ्याशी भांडण झाले तर ते मिटवणे, आजारी पडल्यावर कोणत्या दवाखान्यात जायचे हे ठरवणे, या गोष्टी त्याला कोणी शिकवलेल्या नसतात. घरात वाढणारे मूल त्या पाहूनच शिकते. म्हणून या वयात लागते ती आधारासह जागा. स्वतःची किल्ली असलेली खोली हवी, पण रात्री-अपरात्री दार ठोठावता येईल असे जबाबदार माणूसही जवळ हवे.

दिल्लीतील 'उदयन केअर' या संस्थेने महाराष्ट्रासह दिल्ली, गुजरात, कर्नाटक आणि राजस्थान या राज्यांतील ४३५ तरुणांशी बोलून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अनुरक्षणाचे आठ पैलू मांडले आहेत. निवास हा त्यांपैकी एक; शिक्षण, आरोग्य, मानसिक स्वास्थ्य, आर्थिक स्वावलंबन, सामाजिक आधार, ओळखपत्रे व कायदेशीर भान आणि स्वतंत्रपणे जगण्याची कौशल्ये हे बाकीचे. हे पैलू सुटे नाहीत. पत्ता नसेल तर बँकेचे पत्र पोचत नाही, रात्रीची झोप नसेल तर नोकरी टिकत नाही आणि नोकरी गेली, की जागाही जाते.

इथे दर्जाचा मुद्दा येतो. आदर्श नियमांनी बालगृहाची वास्तू कशी असावी हे चौरस फुटांत सांगितले आहे. पन्नास मुलांच्या संस्थेत प्रत्येकी पंचवीस मुलांसाठी एक हजार चौरस फुटांचे शयनगृह, म्हणजे मुलामागे चाळीस चौरस फूट. पाच स्नानगृहे, आठ स्वच्छतागृहे. स्वयंपाकघर, भोजनकक्ष, ग्रंथालय आणि आजारी मुलांची खोली यांची मापेही ठरलेली आहेत. अनुरक्षणाच्या नियमात मात्र 'सहा ते आठ जण' एवढाच आकडा आहे. त्यांना किती जागा, किती स्वच्छतागृहे, दाराला आतून कडी असावी की नाही, मुलींच्या निवासात रात्री कोण राहणार, यांपैकी कशाचेही कोष्टक तेथे नाही.

तपासणीचेही तसेच. कायद्याच्या कलम ५४ नुसार जिल्हास्तरीय पथकाने संस्थांना तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची असते. पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो आणि आठवडाभरात अहवाल द्यावा लागतो. ही व्यवस्था कायद्याखाली नोंदणीकृत वा मान्यताप्राप्त संस्थांसाठी आहे. 'बालसंगोपन संस्था' या संज्ञेच्या व्याख्येत बालगृह, निरीक्षणगृह, विशेष गृह, खुले निवारागृह, दत्तक संस्था अशी यादी आहे. अनुरक्षण गृहाचे नाव त्यात नाही. तेथे राहणारे 'बालक' नसल्याने ते तर्काला धरूनही आहे. परिणाम असा, की राज्याने स्वतंत्र आदेश काढून व्यवस्था केली नाही, तर सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीच्या खोलीची तिमाही तपासणी होते आणि दोन महिन्यांनी ती ज्या खोलीत राहायला जाते, तेथे कोणी फिरकण्याचे बंधन उरत नाही.

देखभालीचा प्रश्न तर याहूनही दुर्लक्षित आहे. इमारत सरकारी असेल तर दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, भाड्याची असेल तर घरमालकाकडे आणि स्वयंसेवी संस्थेची असेल तर देणगीदारांच्या मर्जीवर. गळके छप्पर, बंद पडलेला पाण्याचा पंप, उघड्या वायरी, तुटलेली खिडकी, या तक्रारी तीन टेबलांवरून फिरतात. नवी वास्तू बांधण्यासाठी निधी मिळतो, उद्घाटनाला मंत्री येतात. नळ दुरुस्त करण्यासाठी लेखाशीर्ष सापडत नाही, हा सरकारी वसतिगृहांचा सार्वत्रिक अनुभव. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या वसतिगृहांतील विद्यार्थी अशा प्रश्नांवर मोर्चा तरी काढतात. संख्येने थोड्या आणि विखुरलेल्या या तरुणांना ते बळ नाही. त्यांच्या वतीने तक्रार करायला ग्रामसभा नाही, नगरसेवक नाही आणि पालक सभाही नाही.

मुलींसाठी लग्न हेच पुनर्वसन?

मुलींच्या बाबतीत या पोकळीला आणखी एक बाजू आहे. संस्थेतील मुलगी सज्ञान होत आली, की तिचे लग्न लावून द्यायचे, हा जुन्या आश्रमांचा शिरस्ता होता. समाजातील प्रतिष्ठित कन्यादान करीत, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येत. हेतू चांगला असे आणि अनेक मुलींचे संसार सुखाचेही झाले. पण राहायला जागा नाही म्हणून लग्न, हा निर्णय मुलीने मोकळेपणाने घेतलेला निर्णय म्हणता येत नाही. शिकायचे आहे, असे म्हणणाऱ्या मुलीपुढे सुरक्षित निवासाचा पर्याय ठेवला, तरच तिच्या होकाराला किंवा नकाराला अर्थ प्राप्त होतो.

नोकरदार महिलांसाठी केंद्राची 'सखी निवास' योजना आहे आणि प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणींनाही तिचा लाभ घेता येतो. मात्र बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलीला थेट तेथे जागा मिळेल, अशी साखळी जिल्हा पातळीवर जुळवून द्यावी लागते. मुलगी स्वतः अर्ज घेऊन फिरेल, ही अपेक्षा अठराव्या वर्षी अवाजवी आहे.

दिव्यांग मुलांचा प्रश्न सर्वांत कठीण. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला अठराव्या वर्षी 'स्वावलंबी हो' असे सांगणे, म्हणजे त्याला रस्त्यावर सोडणे होय. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी दिव्यांग अनाथ मुलांना आजन्म आधार मिळावा आणि अठराव्या वर्षी त्यांना संस्थेबाहेर काढू नये, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या आश्रमात वाढलेली दृष्टिहीन तरुणी त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा राज्यभर कौतुक झाले. त्या यशातील एक गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. अठराव्या वर्षानंतरही तिला परत येण्यासाठी घर होते.

आरक्षण मिळाले, अभ्यासाला जागा?

या विषयात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली आहे, हेही नोंदवले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. स्पर्धा परीक्षेत गुण असूनही आवश्यक प्रमाणपत्राअभावी मागे पडलेल्या एका अनाथ तरुणीचा अनुभव त्याला निमित्त ठरला होता. ज्याच्या जातीचा, गावाचा आणि पालकांचा पत्ता नाही, अशा तरुणाला शासनदरबारी 'अनाथ' ही स्वतःची ओळख मिळाली, हे या निर्णयाचे मोठे यश.

परंतु आरक्षणाचा लाभ परीक्षेपर्यंत पोचणाऱ्यालाच होतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला गावाकडून दरमहा पैसे येतात आणि दोनदा अपयश आले तरी परतीची वाट खुली असते. अनाथ उमेदवाराला तयारीची दोन-तीन वर्षे काढायची तर दिवसा काम, रात्री अभ्यास आणि डोक्यावर छप्पर, तिन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. निवासाविना आरक्षण म्हणजे जिना नसलेला वरचा मजला आहे.

इंग्लंडचा अनुभव

परदेशांतील व्यवस्था जशीच्या तशी आणता येत नाही. तरी दर्जाच्या प्रश्नावर इंग्लंडचा अलीकडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पूर्णवेळ बालगृहाऐवजी 'आधारासह निवास' देण्याची पद्धत रूढ झाली. या जागा तपासणीच्या कक्षेबाहेर होत्या. भाड्याच्या इमारती, खासगी ठेकेदार आणि नावापुरता कर्मचारी, अशी स्थिती अनेक ठिकाणी असल्याची टीका होऊ लागल्यावर सप्टेंबर २०२१ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा अनियंत्रित जागी ठेवण्यास बंदी आली. पुढे २०२३ मध्ये नवे नियम झाले आणि त्या वर्षीच्या २८ ऑक्टोबरपासून या वयोगटाला निवास पुरवणाऱ्या प्रत्येकाला 'ऑफस्टेड' या तपासणी यंत्रणेकडे नोंदणी करणे सक्तीचे झाले. नेतृत्व व व्यवस्थापन, संरक्षण, निवास आणि आधार, अशी चार मानके ठरवण्यात आली. अठरा वर्षांनंतरचा धागाही तेथे तुटू दिलेला नाही. पालक-कुटुंबात वाढलेल्या मुलाला दोघांच्या संमतीने एकवीस वर्षांपर्यंत तेथेच राहता यावे, अशी तरतूद २०१४ च्या कायद्याने केली आणि २०१७ च्या कायद्याने व्यक्तिगत सल्लागाराचा आधार पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवला.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. घरांची टंचाई आणि स्थानिक संस्थांची आर्थिक ओढाताण तेथेही आहे. घेण्याजोगा बोध इतकाच, की आधी जागा वाढू द्यायच्या आणि दर्जा नंतर पाहायचा, हा क्रम महागात पडतो. महाराष्ट्रात सामूहिक निवासांची संख्या अद्याप मर्यादित आहे. मानके ठरवण्यासाठी हीच वेळ योग्य आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, आराखडा दोन महिने आधी नव्हे, तर सोळाव्या वर्षापासून तयार व्हायला हवा. बँक खाते, आधार, पॅन, अनाथ प्रमाणपत्र, मतदार नोंदणीची तयारी आणि पुढील निवासाचे ठिकाण, यांपैकी एकही रकाना रिकामा असताना मूल संस्थेबाहेर पडू नये. दुसरी गोष्ट, सामूहिक निवासासाठी राज्याने स्वतःची किमान मानके जाहीर करावीत. माणशी जागा, स्वच्छतागृहे, अग्निसुरक्षा, विजेच्या जोडणीची तपासणी, कुलूपबंद कपाट आणि मुलींच्या निवासात महिला कर्मचारी, यांसाठी कायदा बदलण्याची गरज नाही. शासन निर्णय पुरतो. तिसरी, देखभालीसाठी वेगळी तरतूद हवी आणि किरकोळ दुरुस्तीचा अधिकार निवासाच्या व्यवस्थापकाकडे हवा. चौथी, तपासणी पथकाच्या दौऱ्यात या निवासांचा समावेश व्हावा आणि तेथे राहणाऱ्या तरुणांशी व्यवस्थापकांच्या अनुपस्थितीत बोलले जावे.

भाड्याने स्वतंत्र राहू इच्छिणाऱ्यांसाठी अनामत रकमेची हमी जिल्हा प्रशासनाने घेण्याचा विचार करता येईल. बाल न्याय कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे बाल संरक्षण यंत्रणेच्या कामकाजावर देखरेखीचे अधिक अधिकार आले आहेत. घरमालकाच्या 'मागे कोण आहे' या प्रश्नाला 'जिल्हाधिकारी' हे उत्तर मिळाले, तर बरीच दारे उघडतील. म्हाडा आणि सिडकोसारख्या शासकीय गृहनिर्माण संस्थांची मोजकी घरे भाडेतत्त्वावर सामूहिक निवासांसाठी राखून ठेवणेही अशक्य नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की इतका आधार दिला तर तरुण परावलंबी होतील. मात्र पंचविशीपर्यंत आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांविषयी अशी भीती कोणी व्यक्त करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बालगृहांचीच अवस्था अनेक ठिकाणी चिंताजनक असताना अठरा वर्षांवरील तरुणांसाठी निधी कोठून आणायचा? येथे हिशेब उलट बाजूनेही मांडावा लागेल. एका मुलाच्या अन्न, वस्त्र, शिक्षण आणि निवासावर समाज दहा-बारा वर्षे खर्च करतो. शेवटच्या तीन वर्षांचा आधार नाकारून तो तरुण फलाटावर, वेठबिगारीत किंवा गुन्हेगारीच्या वाटेवर गेला, तर आधीचा सारा खर्च वाया जातो आणि नवा खर्च सुरू होतो. त्याची नोंद मात्र महिला व बालविकास विभागाच्या नव्हे, तर गृह विभागाच्या खात्यात होते.

बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल संस्थेत दाखल होते, तेव्हा शासन त्याचे पालकत्व स्वीकारते. हे पालकत्व कागदावर अठराव्या वर्षी संपत असले, तरी कोणत्याही घरात ते असे तारखेने संपत नाही. राज्याच्या एखाद्या बालगृहात या महिन्यातही कोणा मुलाची अठरा वर्षे पूर्ण होत असतील. त्याच्या आराखड्यातील 'पुढील निवासाचे ठिकाण' या रकान्यात काय लिहिले जाते आणि सहा महिन्यांनी तो खरोखरच तेथे राहतो आहे का, याची खातरजमा करण्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षाला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.